ठाण्यात जिओकॅशिंग : दीड वर्षाच्या वापरानंतरचे परीक्षण

जिओकॅशिंग (म्हणजे कोणी लपवलेली वस्तू जीपीएसच्या आधारे शोधण्याचा खेळ) हा शब्द ठाण्यात उच्चारताना पहिली अडचण येते ती ‘कॅश’ची. लपवून ठेवलेल्या साठ्याचा इंग्रजी शब्द आणि रोख रकमेचा शब्द लिहायला वेगळे असले, तरी कानाला दोन्ही सारखेच लागतात. तलावाच्या कठड्याखाली वाकून काहीतरी चाचपणाऱ्या मध्यमवयीन गृहस्थाला राखणदाराने “काय शोधताय साहेब?” असे विचारावे आणि त्या गृहस्थाने निष्पापपणे “कॅश” असे उत्तर द्यावे, मग पुढचा अर्धा तास कसा जातो, हे मी स्वतः अनुभवले आहे. त्या दिवसापासून आमच्या गटात ‘डबी’ हाच शब्द रूढ झाला आणि या परीक्षणातही मी तोच वापरणार आहे.

परीक्षणाचा विषय आहे जिओकॅशिंग डॉट कॉम ही सेवा आणि तिचे मोबाइल अ‍ॅप. ही सेवा मी दीड वर्षापासून ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत वापरतो आहे. पहिले वर्ष विनामूल्य खात्यावर आणि नंतरचे सहा महिने शुल्क भरून. खेळाचे स्वरूप सोपे आहे. एखादा सदस्य सार्वजनिक ठिकाणी एक हवाबंद डबी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश सेवेकडे पाठवतो. त्या भागाचे काम पाहणारा स्वयंसेवक तपासनीस ती नियमांत बसते की नाही हे पाहतो आणि मगच ती नकाशावर झळकते. इतर सदस्य जीपीएसच्या आधारे तेथे पोचतात, डबी शोधतात, आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहितात, डबी होती तशी परत ठेवतात आणि अ‍ॅपमध्ये नोंद करतात. बक्षीस काही नाही. तरीही जगभरात अशा ३० लाखांहून अधिक डब्या आहेत. प्रत्येक डबीला शोधण्याचा अवघडपणा आणि वाटेचा खडतरपणा यांसाठी १ ते ५ असे, अर्ध्या अंकाने चढत जाणारे दोन गुण असतात. या गुणांच्या ८१ जोड्या होतात आणि त्या सगळ्या पुऱ्या करायच्या म्हणून माणसे देशोदेशी हिंडतात.

या छंदाचा जन्म नेमक्या तारखेनिशी सांगता येतो. नागरी वापराच्या जीपीएस संकेतात अमेरिकी सरकार मुद्दाम चूक मिसळत असे आणि त्यामुळे जागा शंभरेक मीटरने हुकू शकत असे. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने २ मे २००० रोजी ही भेसळ थांबली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवून तिचे स्थाननिर्देशांक जाहीर केले. त्याच महिन्यात मॅट स्टम याने ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवले आणि सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश याने सध्याचे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा त्यावर अवघ्या ७५ डब्यांची नोंद होती. मला या इतिहासातील सर्वांत गमतीचा भाग असा वाटतो, की उल्मरची बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती आणि तिच्यात शिजवलेल्या घेवड्याचा एक डबाबंद टिनही होता. आज जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन खणण्यास मनाई आहे आणि डबीत खाद्यपदार्थ ठेवण्यासही मनाई आहे. म्हणजे ज्या बादलीपासून हे सगळे सुरू झाले, ती आजच्या तपासनीसाने साभार परत केली असती.

अ‍ॅपविषयी आधीच बोलून टाकतो, कारण त्यात वाद घालण्यासारखे फारसे नाही. नकाशा स्वच्छ आहे, दिशा दाखवणारा बाण मोठा आहे आणि पूर्वीच्या शोधकांच्या नोंदी वाचायला सोप्या आहेत. विनामूल्य खात्यावर अ‍ॅपमध्ये फक्त सदस्यांचे मेळावे आणि दोन्ही गुण १.५ किंवा त्याहून कमी असलेल्या साध्या डब्या उघडतात. बाकीच्या नुसत्या करड्या दिसतात. त्याच डब्यांचा तपशील, मालकाने तो सशुल्क सदस्यांपुरता राखून ठेवला नसेल तर, संकेतस्थळावर फुकट वाचता येतो, हे नवख्याच्या लक्षात यायला बरेच दिवस जातात. अँड्रॉइडवर सी-जिओ नावाचे मुक्तस्रोत अ‍ॅपही आहे आणि आमच्यातले निम्मे लोक तेच वापरतात. माझ्या मोबाइलवर सगळा कारभार इंग्रजीत चालतो. डबीचे वर्णन मात्र कोणत्याही भाषेत लिहिता येते, म्हणून आम्ही आमच्या डब्यांचे वर्णन आधी मराठीत आणि त्याखाली इंग्रजीत देतो.

अचूकतेबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचे जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असते. घोडबंदर रोडवर दोन्ही बाजूंना टॉवर उभे असताना उपग्रहाचा संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि बाण वेड्यासारखा फिरतो. रस्ता ओलांडायला लावतो, ओलांडला की परत बोलावतो. पाम बीच रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला हाच मोबाइल शहाण्यासारखा वागतो. अनुभवाने ठरलेला आमचा शिरस्ता असा, की शेवटचे दहा मीटर उरले की मोबाइल खिशात घालायचा आणि डोळ्यांनी शोधायचे. काही जण खास जीपीएस यंत्र बाळगतात, पण शहरात त्याची गरज मला पडली नाही. परदेशातून येणारे नातेवाईक असे यंत्र आणणार असतील, तर ते उपग्रहावरून संदेश पाठवणारे नसावे, कारण तसे उपकरण भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाही.

अंकांच्या मांडणीतली एक चूक सांगण्यासारखी आहे, कारण ती प्रत्येक नवखा करतो आणि मीही केली. ही सेवा स्थाननिर्देशांक अंश आणि दशांश मिनिटांत लिहिते. मोबाइलवरचे नेहमीचे नकाशे ते दशांश अंशांत दाखवतात. माझी पहिली डबी मी लपवली त्या जागेचा अक्षांश १९.२१८३ अंश होता, म्हणजे १९ अंश १३.०९८ मिनिटे. मी घाईत १९ अंश २१.८३ मिनिटे असे भरले आणि डबी ठाण्यातून उचलून सुमारे १६ किलोमीटर उत्तरेला, भिवंडीच्याही पलीकडे नेऊन ठेवली. वाचवले ते रेखांशाने. ७२.९७ अंशांचे त्याच पद्धतीने ७२ अंश ९७ मिनिटे करायला गेलो, तेव्हा एका अंशात साठच मिनिटे असतात ही शाळेतली गोष्ट आठवली आणि घोळ उघडकीस आला. आमच्यातल्या भूगोलाच्या शिक्षिका ताई हे उदाहरण आता आठवीच्या वर्गात वापरतात, आणि माझे नाव न घेता वापरतात, एवढा त्यांचा मोठेपणा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शुल्क भरून माणूस अ‍ॅप विकत घेतो असे वाटते, पण हाती पडते ती एक नियमावली आणि ती पाळणारी अनोळखी माणसे. आपण लपवलेली डबी दुसरा कोणी चोरणार नाही, पाहून झाल्यावर नीट ठेवेल, खोटी नोंद करणार नाही आणि ती ओली झाली तर कळवेल, एवढ्या भरवशावर हे सगळे उभे आहे. मोकळ्या बागा, तुरळक वर्दळ आणि माफक पाऊस असलेल्या प्रदेशात वाढलेले हे नियम आमच्याकडे आले, तेव्हा त्यांतला जवळपास प्रत्येक नियम आम्हाला एकदा भांडून समजून घ्यावा लागला.

आमचा गट सात जणांचा आहे. लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले एक काका, वर उल्लेखिलेल्या कळव्याच्या ताई, ऐरोलीचे एक संगणक क्षेत्रातील दांपत्य, नेरूळचा महाविद्यालयीन मुलगा, मी, आणि मुलगा एकटा कुठे जातो हे पाहायला आलेले व नंतर स्वतःच अडकलेले त्याचे वडील. महिन्यातून एकदा आम्ही अधिकृत मेळावा भरवतो. मेळाव्याची सूचना किमान दोन आठवडे आधी द्यावी लागते आणि तो निदान अर्धा तास चालावा लागतो. मेळाव्याला हजर राहिले की प्रत्येकाच्या खात्यात एक शोध जमा होतो, हे काकांना आजही पटलेले नाही. कटिंग चहा पिऊन आकडा कसा वाढतो, असा त्यांचा सवाल असतो. तरी ते दर वेळी सर्वांत आधी येतात आणि रीतसर नोंदही करतात.

सर्वांत मोठा तंटा झाला तो हरवलेल्या डबीवरून. ती ठाण्यातील एका तलावाकाठी होती; ठाण्याला तलावांची वाण नसल्यामुळे एवढ्या उल्लेखाने कोणाचा शोध सोपा होणार नाही. कोणा पाहुण्याने काही वर्षांपूर्वी ती लपवली होती आणि तो केव्हाच मायदेशी परतला होता. डबीच्या पानावर ‘सापडली नाही’ अशा नोंदींची रांग लागली होती. नेरूळच्या मुलाने चांगल्या हेतूने एक नवी डबी नेली, वर्णनात सांगितलेल्या जागी ठेवली, तिच्यातल्या कोऱ्या कागदावर पहिली सही केली आणि ‘सापडली, जुनी नसल्याने नवी ठेवली आहे’ अशी नोंद केली. पुढच्या पंधरवड्यात आणखी तिघांनी ती डबी शोधून सह्या केल्या. सगळेच खूश होते.

या प्रकाराला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यासाठी आम्ही ‘फेकडबी’ असा शब्द पाडला. सेवेची भूमिका स्पष्ट आहे : डबीची देखभाल ही मालकाची जबाबदारी आहे आणि त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याने नवी डबी टाकून शोध नोंदवणे योग्य नाही. मेळाव्यात काकांनी हे सांगताच मुलाचे म्हणणे असे पडले, की मालक परदेशात, उत्तर देत नाही, अख्ख्या शहरात बोटांवर मोजण्याइतक्या डब्या. त्यांतली एक मरू द्यायची की जगवायची? ऐरोलीचे दोघे त्याच्या बाजूने होते. आपल्याकडे गावातले मोडलेले पार कोणी तरी स्वखर्चाने बांधतेच ना, तेव्हा मालकी कोण विचारतो, असे त्यांतल्या वहिनी म्हणाल्या, आणि हा युक्तिवाद मला त्या वेळी बिनतोड वाटला होता.

काकांनी त्यावर लेखापरीक्षकाला शोभेल असा प्रश्न विचारला. जुनी डबी नाहीच, हे तुम्हाला कशावरून कळले? ती तुम्हाला सापडली नाही, एवढेच तुम्हाला माहीत आहे. सापडली नाही म्हणजे नाहीच, असे धरायचे असेल तर अवघडपणाचे गुण देऊन उपयोग काय? त्या दिवशी हा प्रश्न चहाबरोबर थंड झाला. तीन आठवड्यांनी ताई आपल्या भाचीला घेऊन तेथे गेल्या आणि नव्या डबीपासून चारेक मीटरवर, पाण्याच्या जुन्या नळामागे घट्ट बसलेली, चुंबकाने चिकटलेली मूळ डबी भाचीच्या हाताला लागली. आतला कागद ओला होऊन फुगला होता, पण त्यावरच्या जुन्या सह्या वाचता येत होत्या. आता एका जागी दोन डब्या होत्या, दोन कागद होते, आणि ज्या चौघांनी नव्या कागदावर सही केली होती त्यांनी खरी डबी कधी पाहिलीच नव्हती.

मुलाने त्याच रात्री आपली नोंद स्वतः काढून टाकली. कोणी सांगितले नव्हते. बाकीच्या तिघांपैकी दोघांनी पुन्हा जाऊन खऱ्या डबीवर सही केली आणि एकाने नोंद तशीच ठेवली आहे. दुसऱ्याची नोंद काढण्याचा अधिकार डबीच्या मालकाला आणि मालकाचा पत्ता नाही. ओल्या कागदाबद्दल आम्ही आधी ‘मालकाने लक्ष द्यावे’ अशी सूचना लावली, महिनाभर वाट पाहून ‘तपासनीसाने लक्ष द्यावे’ अशी लावली, तपासनीसाने मुदत दिली आणि ती टळल्यावर डबी कायमची बंद केली. एवढ्या हळूहळू चालणाऱ्या या प्रक्रियेचा पूर्वी मला राग यायचा. आता वाटते, की दूर बसलेल्या, जागा न पाहिलेल्या माणसाने दुसऱ्याची वस्तू खारीज करायची तर प्रक्रियेने एवढा वेळ घेतलाच पाहिजे. सुट्टीवर आलेल्या माणसाला, देखभालीची सोय दाखवल्याशिवाय, डबी लपवू न देण्याचा जो नियम आहे, तोही मला पूर्वी पाहुण्यांवर अन्याय वाटायचा. त्या फुगलेल्या कागदानंतर वाटत नाही.

डबी बंद झाल्यामुळे तिच्याभोवतालची जागाही मोकळी झाली. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवे, असा नियम आहे. मुळात तो मैलाचा दहावा भाग आहे, म्हणून आकडा असा विचित्र. अमेरिकेतल्या लांबलचक वाटांवर या अंतराला चिकटून शेकडो डब्या ओळीने पेरतात आणि दिवसभर गाडी हाकत त्या गोळा करतात. त्याला छंद म्हणावे की टपालवाटप, हा तिकडचा वाद आहे. ठाण्याच्या जुन्या वस्तीत १६१ मीटरमध्ये एक देऊळ, एक शाळा, दोन वडापावच्या गाड्या आणि एखादी विहीर सहज मावते, आणि प्रत्येकीची गोष्ट वेगळी असते. तरी हा नियम मला मान्य आहे. दोन डब्या जवळ आल्या की काय होते, ते आम्ही चार मीटरवर पाहिले होते.

दुसरा वाद सहीचा आणि तो दर पावसाळ्यात नव्याने होतो. डबीतल्या कागदावर सही केली की ऑनलाइन नोंद करता येते, हा मूळ नियम. २००९ पासून मालकाला साध्या डबीच्या नोंदीसाठी वेगळ्या अटीही घालता येत नाहीत. छायाचित्र काढा, कविता लिहा असे सुचवता येते, सक्ती करता येत नाही. पण जुलै महिन्यात डबी उघडल्यावर हातात कागदाऐवजी लगदा आला, तर सही कशावर करायची? काका म्हणतात, सही नाही तर नोंद नाही, लगद्यावर पेन टेकवून या. ताई म्हणतात, डबी हातात घेतल्याचे छायाचित्र मालकाला पाठवा आणि त्याला ठरवू द्या. प्रत्यक्षात बहुतेक मालक छायाचित्रावर समाधान मानतात आणि माझाही कल ताईंकडे आहे. पण त्यातून पुढच्या पायऱ्या कशा सुरू होतात हेही मी पाहिले आहे. आज लगद्याचे छायाचित्र, उद्या झाडावरच्या डबीचे खालून काढलेले छायाचित्र, परवा घरबसल्या नोंद.

म्हणून आम्ही भांडणापेक्षा कागद कोरडा ठेवण्यावर डोके चालवले. जांभळी नाक्याच्या बाजारात मिळणारे क्लिपच्या झाकणाचे डबे पहिल्या पावसात टिकतात. झाकणातली रबरी कडी उन्हाने कडक झाली, की दुसऱ्या पावसात गळतात. सर्वांत चांगले ठरले ते पेट बाटलीचे प्रीफॉर्म, म्हणजे फुगवून बाटली करण्याआधीची जाड, चाचणीनळीसारखी नळी. ऐरोलीकरांनी औद्योगिक पट्ट्यातल्या ओळखीने मूठभर आणल्या आणि त्यांतल्या दोन अख्खा पावसाळा कोरड्या राहिल्या. लहान जागेसाठी होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली उत्तम. आत बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाकावी आणि कागदाला आधी मेणबत्ती घासावी. बॉलपेन चालते, शाईचे पेन नको.

तिसरा वाद खरा गंभीर आहे. ज्या शहरात लोकलच्या प्रत्येक डब्यात बेवारस वस्तूला हात लावू नका अशी सूचना असते, तेथे सार्वजनिक ठिकाणी बंद डबी लपवणे हा पोरखेळ नाही. २०११ साली इंग्लंडमधील वेदरबी गावात एका कॅफेबाहेर अशीच डबी हाताळणाऱ्या माणसाचा कोणाला तरी संशय आला आणि बॉम्बनाशक पथकाने ती नियंत्रित स्फोटाने उडवली. आमच्या गटाने म्हणून सेवेच्या नियमांवर स्वतःचे काही नियम चढवले आहेत. डबी पारदर्शक असावी. तिच्यावर मराठीत खेळाचे नाव लिहावे. रेल्वे स्थानक, उड्डाणपुलाखालची जागा, शाळेचे आवार, प्रार्थनास्थळ आणि सरकारी इमारत यांच्या आसपास ती नसावी.

चिठ्ठीवरून मात्र दोन तट पडले. डबीवर मराठीत स्पष्ट लिहिले तर पोलिसाचा गैरसमज टळेल हे खरे, पण कोणताही मुलगा ती वाचून खिशात घालील, असे नेरूळच्या मुलाचे म्हणणे. न लिहिली तर मुलगा खिशात घालणार नाही, पण पोलीस ठाण्यात उत्तर द्यायला तू जाशील का, असा त्याच्या वडिलांचा प्रतिप्रश्न. बापलेकांचे हे भांडण आम्ही मेळाव्यात तीन महिने ऐकले आणि शेवटी बाप जिंकला. त्यानंतर दोन डब्या गेल्या, हे मुलगा अजून ऐकवतो.

परवानगीची कथा आणखी निराळी. जागेच्या मालकाची परवानगी घेऊनच डबी लपवावी, असे नियम सांगतो. एका सार्वजनिक बागेसाठी मी आणि काका रीतसर अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. अर्ज कोणत्या सदरात घ्यायचा, यावर तिथल्या तीन टेबलांची चर्चा झाली. जाहिरात फलक नाही, चित्रीकरण नाही, कार्यक्रम नाही. शेवटी एका सज्जन अधिकाऱ्यांनी “तुम्ही काही विकणार नाही ना? मग ठेवा, पण लेखी मागू नका” असे सांगितले. तोंडी परवानगी ही परवानगी आहे का, यावर काकांचे आणि माझे अजून एकमत नाही. ती डबी अजून माझ्याच कपाटात आहे, यावरून कोणाचे चालले ते कळावे.

वनखात्याच्या हद्दीत मात्र आमच्यात वाद नाही. येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तेथे बिबटे आहेत, आणि संरक्षित वनात प्लॅस्टिकची वस्तू ठेवून येणे कोणत्याही छंदाच्या नावाखाली समर्थनीय नाही. ठाणे खाडीच्या काठच्या खारफुटीतही आम्ही डबी ठेवत नाही. फ्लेमिंगोंसाठी २०१५ साली अभयारण्य जाहीर झालेली आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली ही खाडी आहे. शिवाय भरतीचे पाणी डबी उचलून नेईल ते वेगळेच. अशा ठिकाणांसाठी सेवेत डबीविना प्रकार आहेत. त्यांतला भूशास्त्राचा प्रकार मला फार आवडतो : जागेवर जाऊन खडक पाहायचा, मालकाने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची, काही ठेवायचे नाही आणि काही उचलायचे नाही. आपल्या पायाखाली सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर असताना पारसिक किंवा खारघरच्या टेकडीवर असे काही करायला ताई कधीपासून म्हणत आहेत. कचरा उचलण्याचे मेळावेही या छंदात २००२ पासून होतात; आम्ही वाशीत खाडीकाठी एकदा केला आणि दोन तासांत सव्वीस पोती भरली. त्या दिवशी डबी एकही शोधली नाही, पण शोध मात्र प्रत्येकाच्या खात्यात एक जमा झाला, आणि या वेळी काकांनी आक्षेप घेतला नाही.

लोकांच्या नजरेचा प्रश्न राहिला. न खेळणाऱ्या माणसांसमोर डबी काढू नये असा संकेत आहे आणि अशा लोकांसाठी जगभर एक शब्द चालतो. आम्ही नुसते “थांब, पब्लिक आहे” म्हणतो. अडचण अशी, की ठाण्यात पब्लिक नाही अशी वेळ पहाटे साडेचारलाही येत नाही. शिवाय आपल्याकडचा माणूस बघून गप्प राहात नाही. वाकून शोधू लागलो की कोणीतरी “काय हरवलं का?” असे विचारते, ‘किल्ली’ असे सांगावे तर तोही वाकतो, त्याला वाकलेला पाहून भाजीवाल्या मावशी येतात आणि पाच मिनिटांत सहा माणसे नसलेली किल्ली शोधू लागतात. एकदा त्या मावशींनाच डबी सापडली. ती हातात धरून “ही का किल्ली?” असे त्यांनी ज्या नजरेने विचारले, त्यानंतर खोटे बोलायचे नाही असे मी ठरवले. खेळ समजावून सांगितला, कागदावर त्यांचीही सही घेतली. आता त्या डबीवर त्यांची नजर असते आणि गटातल्या काही जणांच्या मते हा संकेताचा भंग आहे. असेल. ती डबी चौदा महिने जागेवर आहे.

ताईंनी याची दुसरी बाजू दाखवली, जी मला पुरुष म्हणून सुचली नव्हती. संध्याकाळी बागेच्या कोपऱ्यात एकट्या बाईने दहा मिनिटे रेंगाळणे आणि एकट्या पुरुषाने रेंगाळणे यांत फरक आहे, आणि खडतरपणाच्या अंकात तो कुठेच येत नाही. काटे, हिंस्र प्राणी, रात्री जाण्याजोगी जागा, लपूनछपून वागण्याची गरज यांसाठी चिन्हे आहेत. या गोष्टीसाठी नाही. म्हणून आमच्या डब्यांच्या मराठी वर्णनात आता शेवटी एक ओळ असते : कोणत्या वेळी तेथे वर्दळ आणि उजेड असतो. माझ्या मते ही ओळ मूळ नियमावलीत असायला हवी होती.

शुल्काबद्दल विचाराल तर ठाणे-नवी मुंबईपुरते ते भरण्याचे कारण मला दिसले नाही. अवघड डब्या अ‍ॅपमध्ये उघडतात, माहिती उतरवून घेता येते, सशुल्क सदस्यांपुरत्या राखलेल्या डब्या दिसतात. पण मुळात येथे डब्याच इतक्या विरळ आहेत, की चार-पाच रविवारांत जवळच्या संपतात. डब्या चोरीला जाऊ नयेत म्हणून त्या सशुल्क सदस्यांपुरत्या ठेवाव्यात, हा ऐरोलीकरांचा प्रस्ताव गटाने चार विरुद्ध तीन मतांनी फेटाळला. पैसे न भरणारा माणूस चोर कसा ठरतो, हा काकांचा प्रश्न होता आणि त्याला उत्तर मिळाले नाही. विनामूल्य खात्याला मी पाचपैकी चार गुण देईन, सशुल्क खात्याला येथे अडीच. लहान मुले असलेल्या घराला, चालण्याला निमित्त हवे असलेल्या निवृत्तांना आणि नियमांवर वाद घालण्यात रस असलेल्या कोणालाही विनामूल्य खाते पुरेल. ज्यांना वाट पाहणे जमत नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

माझे सदस्यत्व मागच्या महिन्यात संपले आणि मी ते पुढे चालू ठेवलेले नाही. दिवाळीनंतर मुलीकडे जर्मनीला जाणार आहे, तेथे हा छंद जोरात आहे, तेव्हा तेवढ्या दिवसांपुरते पुन्हा घेईन. तलावाकाठच्या जागेवर आता नेरूळच्या मुलाची स्वतःच्या नावाची डबी आहे. प्रीफॉर्मची नळी, वर मराठी चिठ्ठी, आत मेण घासलेला कागद. त्या कागदावरची पहिली सही काकांची आहे. तिसऱ्या क्रमांकावर त्याच्या वडिलांची आहे, आणि ती मिळवायला त्यांना चार फेऱ्या माराव्या लागल्या, कारण मुलाने घरीही ठिकाण सांगितले नाही.